दोन रेघांची फळी

मी फळी आहे. जुनी आहे, एका कडेला चिरलेली आहे आणि आता माझे कुणाशी फारसे पटत नाही. मित्रांनो, तुम्ही रोज सकाळी या धक्क्यावर येता, कठड्याखाली दप्तरे टाकता आणि पलीकडच्या शाळेला नेणाऱ्या होडीची वाट बघत माझ्यावर रेलता. कठड्याची आडवी फळी म्हणजे मीच. माझ्या अंगावर दोन रेघा आहेत, खालची पांढरी आणि तिच्या चार बोटे वर पिवळी. काल तुमच्यातल्या एकाने विचारले, की या रेघा कशाच्या आणि आपल्या सगळ्यांच्या बाहीवर ही पांढऱ्या दोऱ्याची टीप कशाला. कुणालाच सांगता आले नाही. होडी यायला अजून वेळ आहे, तेव्हा मीच सांगते.

खरे तर मला कपाटाच्या दारासाठी कापले होते. सुताराने रंधा मारून मला भिंतीला टेकवले होते, तेवढ्यात दोन भाऊ होडीसाठी लाकूड बघायला आले. थोरल्याने मला बोटाने वाजवून पाहिले आणि म्हणाला, "ही कपाटात घालताय? हिला पाणी दाखवा की!" त्या एका वाक्याने माझे आयुष्य ठरले. होडीच्या बाजूची सगळ्यात वरची फळी म्हणून मला बसवले. माझी वरची कड म्हणजेच होडीचा काठ. चढणारा प्रत्येक जण आधी माझ्यावर हात ठेवायचा.

थोरला वल्हे मारायचा, धाकटा दोरी सांभाळायचा. थोरल्याची बायको धक्क्याजवळच्या खोलीत शिवणयंत्रावर कपडे शिवायची. सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनी म्हणते. आपली नदी दोन प्रांतांच्या मधून वाहते. अलीकडचा काठ एका प्रांताचा आणि पलीकडचा दुसऱ्याचा. मधोमध कुठेतरी हद्द आहे म्हणतात. मी रोज ती ओलांडत होते, पण ती मला कधी लागली नाही. पाणी अलीकडे जेवढे ओले तेवढेच पलीकडे.

थोरला मनाने फार मऊ होता. कुणाला नाही म्हणणे त्याच्या जिभेला जमत नसे. एकदा पलीकडे बाजार होता, धक्क्यावर गर्दी होती आणि प्रत्येक जण म्हणत होता, "भाऊ, मला एकट्याला तेवढं घ्या." त्याने घेतले. सगळ्यांनाच वाटले की होडीत अजून जागा आहे. मधल्या धारेत पाणी माझ्या वरच्या कडेवरून आत आले आणि होडी उलटली. थोरल्याने पोहता न येणाऱ्यांना एकेक करून उलट्या होडीला धरवले. स्वतःला धरायला त्याच्या हातात बळ उरले नाही. काही उतारू गेले, थोरला गेला. मला आणि होडीला मात्र लोकांनी दोरांनी ओढून बाहेर काढले. लाकूड तरंगते, त्यात माझे कौतुक काही नाही.

चौकशीला आलेल्या साहेबांना सगळे हेच सांगत होते, की अजून दोघे मावतील असे वाटले. वहिनी खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाटणं पुरे झालं. मी कापड कापायच्या आधी खडूची रेघ मारते. रेघेच्या बाहेर कात्री जात नाही. होडीला अशी रेघ का नाही?" साहेबांनी मान हलवली आणि ते निघून गेले. वहिनी मात्र मान हलवून गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी प्रांताच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, विधिमंडळातल्या आमदाराला भर रस्त्यात गाठले, आणि शेवटी कायदा झाला. उतारू नेणाऱ्या प्रत्येक होडीच्या बाजूला पांढरी रेघ हवी, आणि पाणी रेघेला टेकले की आणखी एकालाही घ्यायचे नाही.

आमच्या होडीवर ती रेघ धाकट्याने मारली. नुसत्या रंगावर त्याचा भरवसा नव्हता. त्याने पटाशीने माझ्या अंगात आधी खाच पाडली आणि मग ती पांढऱ्या रंगाने भरली. पटाशी चालवताना त्याचे डोळे वाहत होते आणि थेंब खाचेत पडत होते. "वहिनी, ही दादाची आठवण आहे," तो म्हणाला. "ही मी कधी पुसू देणार नाही." मला दुखले, पण मी ते अभिमानाने सोसले. त्याचे शब्द मी अक्षरशः अंगावर घेतले होते.

पहिल्यांदा उतारू कुरकुरले, मग त्यांना सवय झाली. चढण्याआधी लोक वाकून माझ्याकडे बघू लागले. लांबलांबचे साहेब आले, माझा फोटो काढला, एकाने तर माझ्यावर थाप मारून "शाब्बास" म्हटले. एवढे कौतुक झाले, की सुताराकडे राहिलेल्या कपाटाची मला कीव येऊ लागली.

मग पलीकडचा प्रांत जागा झाला. अलीकडच्यांनी कायदा केला म्हणजे आपणही करायला हवा, असे त्यांना वाटले. त्यांच्या तज्ज्ञांनी आपले गणित केले आणि पिवळी रेघ ठरवली, पांढरीच्या चार बोटे वर. म्हणजे त्यांच्या हिशेबाने होडीत आणखी माणसे चालत. धाकट्याने माझ्या अंगात दुसरी खाच पाडली. या वेळी तो रडला नाही, चरफडला.

आता गंमत बघा. पलीकडून निघताना होडी पिवळ्या रेघेपर्यंत भरलेली असे. तिकडच्या कायद्याने ते बरोबर होते. नदीच्या मध्यावर आलो, की तीच होडी, तीच माणसे, आणि धाकटा गुन्हेगार! अलीकडचा तपासनीस धक्क्यावर उभाच असे. पांढरी रेघ पाण्याखाली दिसली की तो होडीला साखळी घाली. उतारू थट्टा करत, "हद्द आली की चौघांना पाण्यात उतरवत जा रे." वहिनी म्हणायच्या, "भावजी, दोन्हीकडे खालचीच रेघ पाळा, म्हणजे दोन्ही सरकारं गप्प." धाकटा म्हणायचा, "आणि पलीकडे मागे ठेवलेली माणसं तो इंजिनाच्या होडीचा लाँचवाला उचलतो, त्याचं काय?" त्याचेही अगदीच चुकत नव्हते, हे मी आज इतक्या रागातही कबूल करते.

पुढे मला चीर गेली. धाकट्याने मला काढून माझ्या जागी नवी फळी बसवली, तिच्यावर दोन्ही रेघा मारल्या आणि मला धक्क्यावर टाकून दिले. वहिनींनी मला उचलून नेले आणि खिडकीखाली ठोकून माझ्यावर दोऱ्याची रिळे मांडली. यंत्राची खडखड, कापडाचा वास आणि पाण्याचा एक थेंब नाही. माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच.

एके दिवशी आपल्या प्रांताच्या सरकारच्या वकीलबाई त्या खोलीत आल्या. रेघेच्या कायद्याविरुद्ध मोठ्या कोर्टात खटला भरला गेला होता. लाँचवाल्यांच्या संघटनेला तो कायदा नकोच होता, पण लाँचवाल्यांचे रडगाणे कोण ऐकणार? म्हणून त्यांनी पुढे एका गरीब नावाड्याला केले होते. वहिनींनी विचारले, "कोण तो?" वकीलबाईंनी नाव वाचले. वहिनींच्या पायाखालचे यंत्र थांबले. नाव धाकट्याचे होते.

वकीलबाईंचे लक्ष माझ्याकडे गेले. रिळे बाजूला सारून त्यांनी खाचेतून नख फिरवले आणि म्हणाल्या, "ताई, ही मला द्या. न्यायमूर्तींना दाखवते, किती साधी गोष्ट आहे ही. निकाल लागला की मी स्वतः आणून देईन." वहिनींनी मला ओल्या फडक्याने पुसले आणि त्यांच्या हवाली केले.

मित्रांनो, खटला कशाचा होता ते नीट समजून घ्या. दोन भावांत घराची वाटणी होते, तशी देशाच्या मूळ कायद्याने कायदे करण्याच्या कामाची वाटणी करून ठेवली आहे. सैन्य, आगगाडी, एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात चालणारा व्यापार आणि प्रवास हे देशाच्या संसदेच्या वाट्याचे. दवाखाने, बाजार, माणसांची सुरक्षितता हे प्रांताच्या वाट्याचे. पण घराच्या वाटणीत एखादी भिंत दोघांच्या मध्ये येतेच. तशी एखादी गोष्ट दोन्ही वाट्यांत पाय ठेवून उभी असते. मग कोर्ट त्या कायद्याचा गाभा शोधते आणि ठरवते, की हे कुणाचे. मी तशीच मधली भिंत होते.

कोर्टात मला लांब टेबलावर ठेवले. खाली हिरवे कापड होते. मधल्या न्यायमूर्तींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या पांढऱ्या खाचेवरून बोट फिरवले. मला वाटले, जिंकले मी.

वकीलबाई छान बोलल्या. "हा कायदा नदीचा नाही, जिवाचा आहे. माणसांचे जीव सांभाळणं प्रांताच्या वाट्याला आलं आहे. होडी हे नुसतं निमित्त."

मग लाँचवाल्यांचे उंच वकील उठले. "जीव आगगाडीतही असतात. म्हणून प्रत्येक प्रांतानं तिच्यावर आपापली रेघ मारायची का? ही होडी एका प्रांतातून दुसऱ्यात जाते. तिचे नियम करणं देशाचं काम." आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. "माझ्या विद्वान मैत्रिणीनं आणलेली फळीच बघा. एका फळीवर दोन सरकारं. निम्म्या नदीत माणूस सज्जन, निम्म्या नदीत चोर. मला आणखी पुरावा नको."

मला वकीलबाईंनी आणले होते आणि मी साक्ष दिली त्यांच्याच विरुद्ध. टेबलावरून उठून जाता येत नाही, हे लाकडाचे दुर्दैव.

न्यायमूर्तींनी देशाच्या सरकारच्या वकिलांना विचारले, "तुमचं काय म्हणणं?"

"अधिकार आमचाच आहे, यात शंका नाही."

"आणि कायदा केला आहे?"

"विचाराधीन आहे."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसले. वहिनी हसल्या नाहीत.

निकाल लागला. न्यायमूर्तींनी वाचून दाखवले, की कायद्याचा हेतू उत्तम आहे, पण उत्तम हेतूने अधिकार मिळत नाही. एकाच काठाने फिरणाऱ्या होड्यांना प्रांताने हवी ती रेघ मारावी. हद्द ओलांडणाऱ्या होडीला रेघ मारायची तर ती देशानेच मारली पाहिजे. म्हणून अशा होड्यांपुरती पांढरी रेघही रद्द आणि पिवळीही रद्द. मी रागीट आहे, पण मूर्ख नाही. एका होडीला दोन रेघा हा वेडेपणाच होता आणि न्यायमूर्तींनी वाटणी वाचली ती बरोबरच वाचली असेल. माझा राग वेगळाच आहे. रेघ पुसायला सगळे हजर होते, नवी मारायला कुणी आले नाही. देशाचा कायदा तेव्हा विचाराधीन होता आणि आजही ते घोंगडे भिजतच पडले आहे.

कोर्टाबाहेरच्या लांब ओसरीत मला भिंतीला टेकवले होते. तिथे वहिनींनी धाकट्याला गाठले.

"भावजी, ही खाच तुम्हीच पाडली होती ना?"

धाकटा आपल्या चपलेकडे बघत राहिला. "वहिनी, मी रेघेच्या विरुद्ध नाही हो. दोन रेघांच्या विरुद्ध आहे. आता देश एकच मारेल, सगळ्यांचं भलं होईल."

"आणि मारेपर्यंत?"

"तोपर्यंत मी आहे ना. मी पांढरीच पाळीन. दादाची शपथ!"

वहिनींनी विश्वास ठेवला. खरे सांगायचे तर मीही ठेवला. ज्याने रडत खाच पाडली, तो शपथ मोडील असे कुणाला वाटेल? वकीलबाईही म्हणाल्या, "ताई, कोर्टात हिची नोंद व्हायची आहे, या आठवड्यात फळी घरी पोचवते." त्या गेल्या, त्या गेल्याच.

कोर्टाच्या माळ्यावर मी धूळ खात पडले. मग शिपायाने मला खाली आणले, उपाहारगृहात दोन बाजूंना विटा रचल्या आणि माझे बाकडे केले. ज्या न्यायमूर्तींनी माझ्यावर बोट फिरवले, त्यांच्याच इमारतीत माझ्यावर लोक बसू लागले. तरुण वकील चहा पिता पिता माझ्याच निकालाची वाहवा करत. "काय सुंदर निकाल आहे! वाटणीचा प्रश्न कसा काचेसारखा स्वच्छ केलाय!" त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हते, की आपण कशावर बसलो आहोत. एकदा वकीलबाई आल्या, अगदी पांढऱ्या रेघेवर बसल्या आणि उपाहारगृहवाल्याला म्हणाल्या, "हे बाकडं हलतंय हो." त्याने विटेखाली कागदाची घडी सरकवली. त्यांनी खाली पाहिलेदेखील नाही. इतक्या वर्षांच्या पाण्याने मी कुजले नव्हते, पण त्या दिवशी आतून कुजल्यासारखे झाले.

वहिनी मला शोधायला कितीदा आल्या, ते मला नंतर कळले. कुणी माळ्यावर पाठवले, कुणी तळघरात, कुणी सरळ कानांवर हात ठेवले. शेवटी एका दुपारी त्या दमून पाणी प्यायला उपाहारगृहात आल्या आणि माझ्यावरच टेकल्या. दुसऱ्या टोकाला वकीलबाई होत्या, पाठ करून कुणाशी तरी बोलत. वहिनींचा हात सहज बाजूला टेकला आणि बोट खाचेत गेले. शिवणाऱ्या बाईच्या बोटाला ओळख पटायला वेळ लागत नाही. त्या ताडकन उठल्या, मी दुसऱ्या बाजूला कलंडले आणि वकीलबाईंचा चहा सांडला.

"अगं बाई, ताई! फळी ना... माझ्या अगदी डोक्यातूनच गेलं हो!"

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही ज्या रेघेवर बसला आहात, ती नव्हती म्हणून आमचा माणूस गेलाय. उठा."

वकीलबाई उठल्या. उपाहारगृहवाला म्हणत होता, की मग गिऱ्हाइकांना बसवू कुठे. वहिनींनी मला खांद्यावर घेतले आणि बसच्या टपावर बांधून घरी आणले. वाटेत वारा लागत होता आणि मी मनात म्हणत होते, आता धाकट्याला बघायचे. निदान त्याने तरी शब्द पाळला असेल.

धक्क्यावर होडी भरत होती. माझ्या जागी बसवलेल्या फळीवर रेघा नव्हत्याच. धाकट्याने त्यांवर डांबर फासले होते. वहिनी तशाच पाण्यात उतरल्या आणि मला त्या फळीला भिडवून धरले, कडेला कड लावून. पाणी पांढरीच्या वर होते. पिवळीच्याही वर होते.

"भावजी, माणसं उतरवा."

"वहिनी, आता असा कायदाच नाही."

"तुमची शपथ होती."

धाकट्याने वल्हे हातात घेतले. होडीतून कुणीतरी ओरडले, "बाई, आम्हाला उशीर होतोय!" दुसरा म्हणाला, "कोर्टानं पुसलेली रेघ घेऊन आल्यात!" सगळे हसले. धाकटाही हसला. चार माणसांसमोर हसावे लागते तसे हसला, पण हसला. मग त्याने वल्ह्याने धक्का रेटला आणि मला ओलांडून होडी गेली. थोरल्याच्या सख्ख्या भावाने आमचा केसाने गळा कापला, आणि तोही भरदिवसा.

त्या दिवशी होडी सुखरूप पोचली. मित्रांनो, तेच वाईट झाले. तेव्हापासून सगळ्यांना खात्री पटली, की रेघ म्हणजे वहिनींचे खूळ. होडी रोज तशीच भरते आणि रोज पोचते, म्हणून उद्याही पोचेल असे सगळे धरून चालतात. थोरल्याची होडीही त्या बाजाराच्या दिवसापर्यंत रोज पोचत होती.

वहिनींनी मला या कठड्याला ठोकून घेतले. मग त्या खोलीत जाऊन बसल्या आणि विचार करू लागल्या, की होडीवर रेघ मारायचा अधिकार आपल्याला नाही, प्रांताला नाही, आणि ज्यांना आहे त्यांना सवड नाही. पण तुमच्या शाळेचे सदरे शिवायला त्यांच्याकडेच येतात. यंदा त्यांनी तुम्हा सगळ्यांना लांब बाह्यांचे सदरे शिवले. माझी वरची कड ते माझी पांढरी रेघ, एवढे अंतर त्यांनी टेपने मोजले, आणि प्रत्येक बाहीवर कोपरापासून तेवढ्याच अंतरावर पांढऱ्या दोऱ्याची टीप मारली. मास्तरांनी विचारले, की ही कसली नवी फॅशन. वहिनी म्हणाल्या, "शिवताना चुकलं." बाहीवर टीप कुणी मारायची, याची वाटणी अजून तरी कुणी केलेली नाही.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. होडीत पाय टाकण्याआधी तिच्या काठावर कोपर टेका आणि हात पाण्याकडे खाली सोडा. पांढरा दोरा कोरडा राहिला तर खुशाल बसा. दोरा भिजला तर मागे फिरा. शाळा बुडाली तर बुडू द्या. कुणी हसले तर हसू द्या. मला कायद्याचा आधार उरलेला नाही, तपासनीस नाही, साखळी नाही. तुम्ही थांबलात तरच माझी रेघ ही रेघ आहे.

ती बघा, होडी आलीच. धाकटा दोरी फेकतो आहे. तो ती माझ्याच अंगाला बांधतो आणि गाठ मारताना त्याचा अंगठा रोज पांढऱ्या खाचेत जातो. तेव्हा तो मान वळवून नदीकडे बघतो. तुमच्या आधीच किती माणसे आत जाऊन बसली आहेत बघा. ढकलाढकली करू नका. सगळ्यांत पुढे उभी आहेस ना तू, दप्तर खाली ठेव आणि आधी हात पाण्याकडे सोड.